दहावीनंतर : निवड कोणाची?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या पालक मेळाव्यातील भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो. ते योग्यच आहे. पण सत्काराचा हार सुकायच्या आत घरात प्रश्न उभा राहतो, आता पुढे काय? आणि ज्यांचं नाव स्टेजवरून पुकारलं जात नाही, त्यांच्या घरात तर हा प्रश्न निकालाच्या दुपारपासूनच येऊन बसलेला असतो. समितीने आम्हाला, म्हणजे विहाराची अभ्यासिका सांभाळणाऱ्या चार-पाच जणांना, याच प्रश्नावर बोलायला सांगितले आहे. आम्ही कोणी मोठे तज्ज्ञ नाही. जून-जुलैत मुलांचे फॉर्म भरून देताना जे पाहतो, जे ऐकतो, त्यावरून चार गोष्टी आपल्यापुढे ठेवणार आहोत.

कायद्याचं बघाल तर सक्तीचं आणि मोफत शिक्षण सहा ते चौदा वर्षांपर्यंतचं आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तो आठवीपर्यंत पुरतो. पण आपल्या घरांत खरा फाटा फुटतो तो दहावीला. तिथपर्यंत एक शाळा, एक दप्तर, एक रस्ता. दहावीनंतर मात्र पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला दोन-तीन आठवड्यांत ठरवायचं असतं की आपण कोणत्या वाटेने जायचं. आणि खरं सांगायचं तर तो ठरवतच नाही. त्याच्यासाठी दुसरेच ठरवतात.

कोण ठरवतं? पहिले म्हणजे मार्क. पंच्याऐंशी पडले तर सायन्स, साठ पडले तर कॉमर्स, पन्नास पडले तर आर्ट्स, आणि काठावर पास झाला तर "टाका आयटीआयला". जणू बोर्डाने मार्कशीटच्या मागे शाखा छापून दिली आहे! दुसरा शेजार. समोरच्या खोलीतला सायन्सला गेला म्हणून आपलाही गेला पाहिजे. तिसरे मित्र. चौघे एका कॉलेजात जातात म्हणून पाचवा तिथेच फॉर्म टाकतो. आणि चौथा तो दलाल, "ॲडमिशन करून देतो, सीट मिळवून देतो" म्हणत मे महिन्यापासून वस्तीत फिरणारा. या सगळ्या गर्दीत मुलाला विचारायचं राहूनच जातं.

आपल्यासाठी निवडीचा अर्थ काय?

बांधवहो, इतर समाजांना हा फक्त करिअरचा प्रश्न वाटेल. आपल्याला तो तेवढाच नाही. कारण काय शिकायचं आणि कोणतं काम करायचं हे ठरवण्याचा हक्कच आपल्या माणसांना नव्हता. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. म्हणजे विषय निवडण्याचा हक्क सुद्धा बाबासाहेबांना मिळाला नाही!

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईच्या गिरण्यांचं. आपले आजे-पणजे गिरणीत होते. पण कुठे होते? विणाई खात्यात पगार जास्त, आणि तिथे अस्पृश्यांना घेत नसत. कारण सांगायचे की धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि ज्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं त्याला आम्ही तोंड कसं लावायचं? १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि विणाई खातं आपल्या माणसांना खुलं करा अशी मागणी केली.

हे आम्ही आज का सांगतो? कारण आपल्यात एक समज पक्का बसला आहे, की शिक्षण म्हणजे टेबल-खुर्ची आणि हातात पाना धरणारा मागे राहिलेला. हा समज कुठून आला ते आम्ही जाणतो. गावकीची कामं आपल्या माथी जन्माने मारलेली होती. ती टाकून आपण शहरात आलो. त्यामुळे पोराच्या हाताला ग्रीस लागलं की आई-बापाच्या पोटात कालवतं. पण विणाई खात्याची गोष्ट लक्षात घ्या. तिथे आपल्याला हुन्नरच नाकारला होता. ज्या कामात कसब आहे, दाम आहे, पुढे चढायला पायरी आहे, ते काम आपल्यापासून दूर ठेवलं होतं. म्हणून हुन्नर शिकणं हा कमीपणा नाही. जन्मावरून लादलेलं काम आणि स्वतः निवडून, शिकून, सर्टिफिकेट घेऊन, पगार ठरवून केलेलं काम, या दोन गोष्टी एक नव्हेत.

मात्र याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. एखाद्या मुलाला गणितात गती आहे, त्याला पुढे शिकायचं आहे, आणि कोणी त्याला सांगतं की "तुमच्या लोकांना आयटीआयच बरी, लवकर कमवायला लागशील", तर ते मार्गदर्शन नव्हे. ते पुन्हा विणाई खात्याचं दार लावणं झालं. असा सल्ला कोणीही दिला, अगदी मायेने दिला, तरी पालकांनी सरळ विचारावं, "हाच सल्ला तुम्ही स्वतःच्या मुलाला द्याल का?"

मग कसोटी काय? आमच्या मते कसोट्या दोनच. मुलाने ही वाट समजून-उमजून स्वतः धरली आहे का? आणि या वाटेवर पुढे जायला दार आहे का? दोन्हींचं उत्तर हो आलं, तर सायन्स असो, आर्ट्स असो की वेल्डिंग असो, निर्धास्त पाठवा.

मार्क आणि माणूस

मार्कांविषयी एक गोष्ट मुलांनी विशेष ऐकावी. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. टक्केवारी काढा, ३७.६ येते. आजच्या हिशेबाने आपण त्या मुलाला काय सांगितलं असतं? तेव्हा मात्र अस्पृश्य मुलगा मॅट्रिक झाला म्हणून सभा भरली, सत्कार झाला. कमी मार्क चालतात असं आम्ही मुळीच म्हणत नाही. त्या काळची परीक्षा वेगळी, एका खोलीत संसार आणि त्यातच अभ्यास, ही परिस्थितीही वेगळी. आमचं म्हणणं एवढंच, की त्या आकड्याने पुढचा माणूस ठरला नाही.

मग कशाने ठरला? त्यांच्या स्वतःच्या कष्टांनी तर ठरलाच. पण आजूबाजूच्या मोठ्या माणसांनी काय केलं तेही बघा. सुभेदार रामजींनी लेकींकडून पैसे आणून, त्यांचे दागिने गहाण ठेवून मुलाला पुस्तकं आणून दिली. कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसलेला पाहिला, त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तकं दिली. पुढे कॉलेजच्या शिक्षणासाठी पैसे कमी पडले, तेव्हा त्याच केळुस्कर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. विचारपूस, पुस्तक आणि पैशाची सोय, मोठ्यांनी करायची कामं ही तीन. मुलाच्या जागी बसून त्याचा निर्णय घेणं हे काही त्यात येत नाही.

मुलाशी बोलायचं कसं?

पालक म्हणतात, "आम्ही विचारलं, पण तो काही बोलतच नाही." विचारलं कसं? निकाल हातात, पाहुणे घरात, आणि सगळ्यांसमोर "काय व्हायचंय तुला?" पंधरा वर्षांचं पोर काय बोलणार? जे नाव ऐकलंय तेच सांगणार, डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर "माहीत नाही".

त्यापेक्षा साधे प्रश्न विचारा. कोणत्या विषयाचं पुस्तक तू न सांगता उघडतोस? कोणता विषय पाठ करूनच पास झालास? घरातलं काय बिघडलं तर हात लावावासा वाटतो? माणसांशी बोलायला आवडतं की एकटं बसून काम करायला? रोज प्रवास किती झेपेल? एकाच दिवशी सगळं विचारू नका. भाजी निवडताना, रात्री फेरी मारताना, सहज बोला. आईने एकदा, बापाने एकदा. आणि उत्तर आपल्याला आवडलं नाही तरी लगेच तोडून टाकू नका.

दुसरं, मुलाला घेऊन प्रत्यक्ष बघून या. जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये जा आणि वर्कशॉप बघू द्या का म्हणून विचारा. आपल्याच वस्तीत नर्स आहेत, वायरमन आहेत, बँकेत, कोर्टात, रेल्वेत काम करणारे आहेत. त्यांच्यापाशी मुलाला अर्धा तास बसवा. मुलाने त्यांना विचारावं की तुम्ही शिकलात काय, किती वर्षं लागली, दिवसभर करता काय, काय आवडतं आणि काय नकोसं होतं. या अर्ध्या तासात जे कळतं ते कॉलेजच्या रंगीत पत्रकातून कळत नाही.

वाटा कोणत्या, आणि कोणती वाट कुठे मिळते?

आता थोडी माहिती. ही घरी जाऊन वहीत लिहून ठेवा.

अकरावी सायन्सची वाट सगळ्यात रुंद, पण चढाची. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, बी.एस्सी. नर्सिंग यांसाठी बारावी सायन्स लागते. इंजिनिअरिंगला गणित हवं, मेडिकलला आणि बी.एस्सी. नर्सिंगला जीवशास्त्र हवं. म्हणून अकरावीचे विषय घेताना घाई करू नका, एक विषय सोडला की एक दार लागतं. सायन्स करून पुढे आर्ट्स-कॉमर्सला जाता येतं. आर्ट्स करून इंजिनिअरिंगला जाता येत नाही. हे खरं असलं तरी "दार उघडं राहावं" एवढ्यासाठीच मुलाला सायन्सला ढकलू नका. दहावीचं विज्ञान आणि अकरावीचं भौतिकशास्त्र यांत मोठी उडी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला सगळं एकदम इंग्रजीत येतं, तो वर्गात गप्प बसायला लागतो, आणि बारावीचा निकाल लागेपर्यंत घरात कोणाला पत्ताही नसतो. ज्याला खरंच आवड आहे त्याने जरूर जावं. त्याच्या घराने मात्र पहिले सहा महिने डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावं. इंग्रजी शब्द अडतात का, गणित अडतं का, हे दर आठवड्याला विचारावं. अभ्यासिकेत यावं.

कॉमर्स म्हणजे फक्त बँक नव्हे. हिशेब, कर, सी. ए., कंपन्यांचं कामकाज, सगळं त्यात आहे. सी. ए.ची पहिली परीक्षा बारावीनंतर देता येते. आर्ट्सला तर आपल्याकडे उगाच नावं ठेवतात. कायदा, शिक्षकी पेशा, पत्रकारिता, समाजकार्य या वाटा तिथून जातात. एम.पी.एस.सी., यू.पी.एस.सी.च्या राज्यसेवा आणि नागरी सेवा परीक्षांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. स्वतः बाबासाहेब अर्थशास्त्राचे, राज्यशास्त्राचे आणि कायद्याचे विद्यार्थी होते, हे विसरून कसं चालेल? मात्र आर्ट्सला जाणाऱ्याने वाचलं पाहिजे. सोपं आहे म्हणून आर्ट्सला गेलेला मुलगा तीन वर्षांनी तिथेच उभा असतो.

पॉलिटेक्निकचा डिप्लोमा दहावीनंतर तीन वर्षांचा. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या पदवीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. ज्याला यंत्रं, इमारती, वीज, संगणक यांत रस आहे, त्याला हा रस्ता पुष्कळदा अकरावी-बारावीपेक्षा मानवतो.

आयटीआय ही योजना आपल्या देशात १९५० साली सुरू झाली. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. त्यानंतर १९६१ च्या कायद्याखाली कारखान्यात, रेल्वे वर्कशॉपमध्ये शिकाऊ उमेदवारी करता येते, तिथे विद्यावेतन मिळतं. आणि ज्याला वाटेल की अजून शिकावं, त्याच्यासाठी दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाची सोय आहे. म्हणजे आयटीआयमधून डिप्लोमा, डिप्लोमातून पदवी. पायऱ्या जास्त आहेत, पण जिना वरपर्यंत जातो. बहुतेक घरांना हे माहीतच नसतं, म्हणून ती आयटीआयला शेवटचं स्टेशन समजतात.

मुलींसाठी दोन शब्द

मुलीच्या दहावीला घरातलं बोलणं बदलतं. "बारावी करू दे, मग बघू." बघू म्हणजे काय, ते तिलाही कळतं. कॉलेज निवडताना मुलासाठी आपण शाखा विचारतो आणि मुलीसाठी अंतर विचारतो, जवळ आहे ना, मग तेच! भगिनींनो, २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित वर्गाच्या महिलांची परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी आपल्या आया-आज्यांना सांगितलं की मुलांना शिकवा आणि लग्नाची घाई करू नका. त्याला ऐंशीहून अधिक वर्षं झाली. तेव्हा मुलीला विचारताना तेच प्रश्न विचारा जे मुलाला विचारता. अंतराची अडचण खरी असेल तर तिच्यावर उपाय शोधा, पास काढा, बरोबरीच्या दोघी-तिघींना एका कॉलेजात घाला, सरकारी वसतिगृह बघा. अंतरासाठी तिची शाखा बदलू नका. आणि आयटीआय ही फक्त मुलांसाठी नाही. इलेक्ट्रिशियनचा ट्रेड मुलीला आवडला तर तोही तिचाच.

घराला पैसा हवा असेल तर

काही घरांत प्रश्न शाखेचा नसतोच. बाप आजारी, घरभाडं थकलेलं, धाकटी भावंडं. पोरगा स्वतःच म्हणतो, "मी कामाला लागतो." अशा घराला उपदेश करणं सोपं आहे, आम्ही तो करणार नाही. फक्त इतकं सांगतो, काम आणि शिक्षण यांतलं एकच धरावं लागतं असं नाही. मुंबईत रात्रशाळा आणि रात्रीची ज्युनिअर कॉलेजं आहेत. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येतं. १९८९ साली स्थापन झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, तिथून काम सांभाळून पदवी घेता येते. म्हणून पोराला कामाला लावणारच असाल, तर त्याच आठवड्यात त्याचं नाव कुठेतरी शिक्षणात घाला. वर्षभराने घालू म्हटलं की ते वर्ष येत नाही. हातात पगार खुळखुळायला लागला की पुस्तक परत उघडणं फार जड जातं.

आणि काम कोणतं ते बघा. २०१६ च्या कायदा दुरुस्तीप्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही, आणि १४ ते १८ वयाच्या मुलाला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. जिथे पोरगा काही शिकेल असं काम आधी शोधा. नुसती ओझी वाहण्याचं काम आज दोन पैसे जास्त देईल, पण पाच वर्षांनीही ते ओझंच राहील.

नापास झाला तर

नापास मुलाचं घर त्या दिवशी सुतकात बसल्यासारखं बसतं. तसं करू नका. २०१५ पासून दहावीच्या नापास मुलांची परीक्षा त्याच वर्षी जुलैच्या सुमारास पुन्हा होते, वर्ष वाया जात नाही. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला बसता येतं. त्या मुलाला त्या संध्याकाळी एकटं सोडू नका, दुसऱ्याच्या पेढ्यांच्या पुड्याशी त्याची तुलना करू नका. तीन दिवस जाऊ द्या, मग त्याला घेऊन अभ्यासिकेत या. तो का नापास झाला ते शोधू. कधी डोळ्याला चष्मा हवा असतो, कधी सातवीचं गणितच कच्चं असतं, कधी घरात वाचायला जागाच नसते. यातल्या प्रत्येकाला इलाज आहे.

कागद आणि पैसा

आता शेवटची आणि सगळ्यात रोकडी गोष्ट. आपली हुशार मुलं कागदांपायी अडतात. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला, आधारशी जोडलेलं मुलाच्या नावाचं बँक खातं, हे सगळं निकालाच्या आधी तयार पाहिजे. नववीच्या सुट्टीत सुरुवात करा. दाखल्यावरचं नाव, आडनाव, जन्मतारीख सगळीकडे एकसारखी आहे ना ते शाळेतूनच बघून घ्या, शाळा सोडल्यावर दुरुस्ती करणं त्रासाचं होतं.

व्यावसायिक शिक्षणाला राखीव जागेवर जायचं तर जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं. त्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आज्या-पणज्यांचा शाळेचा दाखला किंवा जन्म-मृत्यूची नोंद. तो गावी असतो. मे महिन्यात गावाला जाताच, तेव्हा आंबे आणा आणि तो कागदही आणा! आणखी एक. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि केंद्राच्या सवलती बौद्धांना लागू झाल्या. पण केंद्राच्या परीक्षांना आणि नोकऱ्यांना जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा दाखला आहे म्हणून गाफील राहू नका.

दहावीनंतरची भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. वर्षाला अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला ती मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फी माफीची वेगळी सोय आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर दरवर्षी भरावा लागतो. पहिल्या वर्षी भरला आणि दुसऱ्या वर्षी विसरला, असं व्हायला नको. दहावीला ७५ टक्क्यांच्या वर असलेल्यांना अकरावी-बारावीसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. सामाजिक न्याय विभागाची वसतिगृहं आहेत, आणि तिथे जागा मिळाली नाही तर २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे.

आणि हा इशारा विशेष लक्षात ठेवा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला सरकारी प्रवेश फेरीतून गेलात तर या सवलती मिळतात. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर मिळत नाहीत. दलाल ही गोष्ट सांगत नाही. तो पैसे घेतो, सीट देतो, आणि मग तीन-चार वर्षं फी भरता भरता घर कर्जात जातं. म्हणून सही करण्याआधी, पैसे देण्याआधी, एकदा विहारात येऊन विचारा. अकरावीचे प्रवेशही २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाईन झाले आहेत. दहापर्यंत कॉलेजं पसंतीक्रमाने भरायची असतात. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून मुलगा बाहेर पडत होता. म्हणून पहिल्या क्रमांकावर काय लिहायचं ते घरी बसून, मुलाबरोबर, विचाराने ठरवा. सायबर कॅफेवाल्याच्या घाईवर सोडू नका. दर वर्षीचे नियम दर वर्षी नव्याने वाचा.

विहाराने काय करावं?

एवढं सगळं एकेका घराला जमेल का? नाही जमणार. म्हणून समितीपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. एक, निकालापासून प्रवेश संपेपर्यंत रोज संध्याकाळी दोन तास विहारात मदतीचं टेबल असावं. कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आळीपाळीने तिथे बसून फॉर्म भरून द्यावेत. दोन, एक वही ठेवावी. वस्तीतला प्रत्येक कमावता माणूस काय शिकला, कुठे काम करतो आणि मुलांना भेटायला कोणत्या वारी मोकळा असतो, हे त्यात लिहावं. तीन, सत्काराच्या खर्चातला काही भाग फॉर्मची फी, प्रवासाचा पास आणि जुनी पुस्तकं यांसाठी बाजूला काढावा. हार एक कमी आला तरी चालेल.

आणि आता मुलांनो, तुम्हाला. आम्ही इतका वेळ तुमच्या आई-वडिलांशी बोललो, पण निवड तुमची आहे. निवड तुमची म्हणजे कष्टही तुमचेच. "मला आवडत नाही" एवढं सांगून सुटका नाही. का आवडत नाही आणि त्याऐवजी काय करणार, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. चार ठिकाणी बघा, चार जणांना विचारा, मग घरी ठामपणे बोला. तुमच्या पणजोबांना विणाई खात्याचं दार बंद होतं. तुमच्यासमोर दारं पुष्कळ आहेत. कोणत्या दारातून आत जायचं, ते दुसऱ्या कोणालाही ठरवू देऊ नका.

उद्यापासून संध्याकाळी सात ते नऊ आम्ही अभ्यासिकेत आहोत. येताना दाखल्यांची पिशवी आणा, आणि मुलाला बरोबर आणा. मुलाशिवाय आलेल्या पालकांना आम्ही परत पाठवू, हे आताच सांगून ठेवतो!